'संगीत पुच्छहरणा'तला खोकला

एका जंगलात, बाळांनो, नाटक बघायला कुणी जातच नसे. सगळे नाटक आठवायला जात. चुळबूळ नको, सांगतो.

त्या जंगलात साठ वर्षांपूर्वी 'संगीत पुच्छहरण' फार गाजलं होतं. राजकन्येची शेपटी चोरीला जाते आणि ती तीन अंक गात गात रडते, एवढीच गोष्ट. राजकन्येचं काम करायचे धोंडोपंत कोकीळ. त्यांचा तो पहिला प्रयोग जंगलातल्या प्रत्येकानं पाहिला होता. ससा गेल्या उन्हाळ्यात जन्मला, पण त्यानंही पाहिला होता. खोटं कशाला बोलेल बिचारा?

तर हे नाटक पुन्हा रंगभूमीवर यायचं ठरलं. राजकन्येचं काम मिळालं अच्युत नावाच्या दयाळ पक्ष्याला. पोरानं वर्षभर पहाटे उठून रियाज केला. जीव की प्राण असलेलं लोणचं गळ्यासाठी सोडलं. गळा असा तयार झाला, की ऐकत राहावं!

पण कंपनीचे मालक गेंडेराव एक नंबरचे खडूस. ते म्हणाले, "हे बघ अच्युत, पहिल्या प्रयोगाला वन्स मोअर मिळाला, तर तू राजकन्या. नाहीतर उद्यापासून पडद्याचा दोर ओढायचास."

अच्युत पुन्हा रियाजाला बसला.

प्रयोग सकाळी होता. पहिल्या रांगेत कासवआजोबा कानात अत्तराचा फाया घालून बसले. कासवाला कान कुठे असतात, असं विचारू नका, फाया होता. शेजारी समीक्षक घुबड डोळे मिटून बसलं. दिवसा त्याला दिसत नसे. पण अडलं नाही, परीक्षण त्यानं आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं.

अच्युत गायला. काय गायला, आहाहा! कासवआजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ते म्हणाले, "छे! ती मजा नाही."

"गळा गोड आहे हो," हरीण म्हणालं.

"तेच तर चुकतंय!" ससा म्हणाला.

दोन अंक पडले. टाळ्या जेमतेम. वन्स मोअर एकही नाही. अच्युत विंगेत जाऊन मुसमुसू लागला. तिथे पडद्याचा दोर धरून एक म्हातारा पक्षी बसला होता.

"रडू नको रे," म्हातारा म्हणाला. "गातोस फार छान. पण खोकत नाहीस."

"खोकायचं कशाला, आजोबा?"

"पहिल्या प्रयोगाला मला सर्दी झाली होती. शेवटच्या पदात समेवर आलो आणि खोकलो. लोकांना वाटलं, चालच तशी आहे. डोक्यावर घेतलं मला! पुढे सर्दी बरी झाली. मी नीट गायलो, तर ओरडले, धोंडोपंतांची सर नाही!"

"म्हणजे... धोंडोपंत तुम्ही?"

"होतो," म्हातारा म्हणाला आणि त्यानं तिसऱ्या अंकाचा पडदा वर ओढला.

शेवटचं पद आलं. अच्युतला समोर सम दिसत होती आणि बाजूला दोर. वर्षभराचा रियाज आठवून त्याला भडभडून आलं. मग, बाळांनो, समेवर येऊन तो खोकला. एकदाच, आणि तेही खोटं खोटं.

नाट्यगृह उठून उभं राहिलं!

"वाहवा! हेच ते!" कासवआजोबा आनंदानं उलटे झाले. त्यांना कुणी सुलटं केलं नाही, सगळे ओरडत होते, "वन्स मोअर!"

अकरा वन्स मोअर झाले. सातव्यापासून अच्युतनं पद गाळलं आणि नुसताच खोकला. तेव्हा तर घुबडसुद्धा जागं झालं. म्हणालं, "आता कुठे गळा लागला."

इतक्या वेळा खोकून अच्युतच्या घशाची पार वाट लागली. घरी आईनं त्याला बघितलं मात्र, तिचा जीव कासावीस झाला. "अरे देवा, किती खोकतोयस! हा अडुळशाचा काढा घे. संध्याकाळपर्यंत साफ बरा होशील बघ."

अच्युत वाटीकडे बघत राहिला. बरा होशील, म्हणे! त्याला दोर धरून बसलेले धोंडोपंत आठवले. आईची पाठ वळताच त्यानं काढा घरट्याबाहेर ओतून दिला.

"आई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "थोडं लोणचं दे गं."

तात्पर्य : रियाज रोज करावा, पण सर्दी बरी होऊ देऊ नये.