डॉक्टरांचा जीव बरणीत

दातांच्या डॉक्टरांचं एक ठाम मत होतं, नजर असावी तर आपल्यासारखी! "दाढेतली कीड ज्याला दिसते, त्याला मातीतली कला दिसणार नाही होय?" असं ते पेशंटला विचारत. पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे आजवर कुणी विरोध केला नव्हता.

दवाखान्यासमोर हातानं घडवलेल्या भांड्यांची गॅलरी उघडली आणि डॉक्टरांना वेडच लागलं. आधी एक वाडगा आला. मग त्याला सोबत म्हणून दुसरा. कापसाचे गठ्ठे फ्रिजवर गेले आणि कपाटात कप येऊन बसले. आणि मग त्यांना ती बरणी दिसली! करडी, गळ्याशी जराशी निळसर, पोटावर अंगठा दाबल्याची खूण. आणि एका अंगाला अशी कललेली, जणू कुणीतरी हाक मारली म्हणून थबकलीय! डॉक्टरांनी तिथल्या तिथे ती घेऊन टाकली.

"प्रदर्शन संपेपर्यंत इथेच राहील हं," गॅलरीच्या बाई म्हणाल्या आणि विकली गेल्याची लाल टिकली त्यांनी बरणीखाली चिकटवली.

झालं! त्या क्षणापासून डॉक्टरांचं कशात लक्ष लागेना. कुणी उचलली तर? कुणाच्या पिशवीचा धक्का लागला तर? पेशंटला भुलीचं इंजेक्शन दिलं, की भूल चढेपर्यंत डॉक्टर रस्त्यापलीकडे!

एक दिवस असंच एका काकांना भूल देऊन ते धावले. बघतात तर एक बाई ती बरणी उलटीसुलटी करून न्याहाळतायत! हात खरखरीत, नखं मळलेली. असल्या नखांनी माझी बरणी! पण बाई वयानं मोठ्या, चेहरा करारी. 'खाली ठेवा' म्हणायचा धीर होईना. त्यांनी युक्ती काढली.

"कशाला बघताय ती? वाकडी आहे हो!"

"वाकडी?"

"साफ वाकडी! करणाऱ्याचा हात थरथरत असणार. आणि हा खड्डा बघा. शुद्ध निष्काळजीपणा!"

"पण कुणीतरी घेतलीय की."

"असतो एखादा आंधळा!"

बाईंनी बरणी खाली ठेवली. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला!

पण बाई कुठल्या सोडतायत! "मग ही बशी कशी वाटते? आणि हा कप?" एकेका भांड्यापुढे त्यांनी डॉक्टरांना उभं केलं. डॉक्टरांनाही चेव आला. ही बशी रडकी, तो कप सुजलेला, ती सुरई म्हणजे नुसता आव!

इतक्यात गळ्यात दवाखान्याचा रुमाल, तोंड एकीकडे, अशा अवतारात काका धापा टाकत आत आले.

"दोत्तल! माधी बायतो!"

"बायकोला फोन करायचाय? करू हं. तुम्ही आधी खुर्चीत जाऊन बसा!"

"नाय! हीत बायतो!"

"बरं, इथेच बोलावू!"

काकांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात गॅलरीच्या बाई हसत आल्या. "अरे वा, ओळख झाली वाटतं! ताई, तुमची बरणी घेतली ते हे डॉक्टर. आणि डॉक्टर, सगळी भांडी या ताईंनीच घडवलीयत!"

डॉक्टरांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"ताई, मी खोटं बोललो! मला ती वाकडी म्हणूनच आवडली! तुम्ही खाली ठेवावी म्हणून..."

"आता माझं मन राखू नका," ताई गंभीरपणे म्हणाल्या. "सगळे नुसते छान छान म्हणतात. खरं बोलणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला." त्यांनी बरणी काखेत मारली. "ही तुम्हाला द्यायची मला लाज वाटते. त्याऐवजी ही घ्या."

आणि डॉक्टरांच्या हातात आली एक ताठ, गुळगुळीत, चारी बाजूंनी सारखी बरणी. औषधाच्या बाटलीची थोरली बहीणच! डॉक्टरांनी हात जोडले, शपथा घेतल्या, रडायचेच बाकी राहिले. ताई बधल्या नाहीत.

या सगळ्या घोळात काकांची भूल मात्र पार उतरून गेली. पुन्हा खुर्चीत बसल्यावर त्यांना स्वच्छ बोलता येऊ लागलं.

"डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू! घरात वाकड्या भांड्यांचा नुसता बाजार झालाय. सरळ कर, सरळ कर म्हणून मी जन्मभर कानीकपाळी ओरडलो. आज तुमचं ऐकलं तिनं! यापुढे सगळं सरळच करणार म्हणते! तुमची नजर म्हणजे..."

"आ करा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हातातली सुई जरा लवकरच टोचली.