रिलिव्हर येईपर्यंत

सोमवार : पार्किंगजवळच्या लिंबाची कोवळी पाने चुरगळलेली आढळली. जबाबदार, नागअळी. मंगळवार : कोणालाही न विचारता ते झाड तोडण्याचा ठराव झाला. जबाबदार, थेरगावातील आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. बुधवार, सकाळ : माळी कुऱ्हाड घेऊन आला आणि तशीच घेऊन परत गेला. जबाबदार, सलीमभाई.

सलीमभाई चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचा निळा गणवेश मात्र अद्याप सेवेत आहे. मी ठरावाविरुद्ध अर्जामागून अर्ज दिले. त्यांनी गणवेश चढवला आणि झाडाखाली खुर्ची टाकली.

"माळी गेला. आता उठा," मी म्हणालो.

"पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नसतं, वकीलसाहेब."

मी वकील नाही, हे त्यांना लेखी कळवलेले आहे. मशीन म्हणजे लिंबाचे एक पान होते.

"इथं अंडं होतं," ते दाखवू लागले. "पोरगं निघालं ते थेट पानाच्या सालीखाली घुसलं, मेट्रोवाल्यांसारखा बोगदा काढत. ही चंदेरी रेघ त्याचीच. आता कड दुमडून आत झोपलंय. पाखरू होऊन उडालं की माझी सुटी."

"या झाडाचा मूळ आरोपी तोच आहे."

"असंल. पण एवढं मोठं झाड त्यानं मरत नाय, नवी पालवी येती. झोपलेल्याला एकटं टाकून कसं जायचं?"

"निदान चहा तरी घेऊन या."

ते मांडीवरच्या जेवणाच्या डब्याचे घट्ट झाकण पुन्हा घट्ट करू लागले. "शमीम दवाखान्यात होती तवा चहालाच खाली गेलो होतो. रिलिव्हर कुणी नव्हता. वर आलो, तर बायको गेलेली."

मी हातातल्या अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"उठा," मी म्हणालो. "चार्ज माझ्याकडे द्या."

मागे वळून वळून पाहत ते गेले. इकडे पानाची कड हलली आणि तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, रुपेरी पतंग बाहेर येऊन बसला. मी श्वाससुद्धा बेताने घेतला.

सलीमभाई दोन ग्लास सांभाळत जवळजवळ पळतच आले. "काय झालं?"

"सर्व ठीक आहे. तो पाहा."

ते पाहत राहिले. मग खांदे सैल सोडून त्यांनी एक ग्लास माझ्या हाती दिला. "चहा गरम हाय अजून," म्हणाले, आणि हसले.

सबब, अध्यक्षांनी जाहीर उत्तर द्यावे : ठराव रद्द झाला की नाही? उत्तर सूचनाफलकावर, स्वाक्षरीसह हवे. तोपर्यंत झाडाखालची खुर्ची रिकामी मिळणार नाही. आता आम्ही दोघे आहोत.