पुडीवाल्या कांबळे मॅडम

कसबा बावड्यातल्या आमच्या इमारतीत कुणी नवे बूट आणले की ते घरच्यांच्या आधी कांबळे मॅडमना कळतं. कसं कळतं, ते मला अकरा वर्षांत उमगलेलं नाही. तुम्ही खोका उघडून जेमतेम एक पाय बुटात घातलेला असतो, तोवर बेल वाजते. दारात मॅडम. बूट छान आहेत की वाईट, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. प्रश्न एकच.

"पुडी हाय का?"

पुडी म्हणजे खोक्याच्या कोपऱ्यात पडलेली, आत पांढरे खडे असलेली, वर 'खाऊ नका' असं छापलेली ती बोटभर पिशवी. तुम्ही-आम्ही ती केरात टाकतो. मॅडम ती दोन्ही हातांनी घेतात, कानाशी नेऊन हलवून बघतात आणि ओढणीच्या टोकात बांधून वरच्या मजल्यावर निघून जातात. पर्समधली, पाण्याच्या बाटलीतली, औषधाच्या डबीतली, कुठलीही चालते. कोल्हापुरात जन्म काढून कोल्हापुरी चपलेवर राग धरणारी ही एकच बाई असावी. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यात पुडी येत न्हाय."

मी हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. कारण कळल्याशिवाय गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एका रविवारी वरून कढईत झारा फिरल्याचा खडखडाट ऐकू आला. मॅडम शेंगदाणे भाजताहेत असं समजून आमची ही वाटी घेऊन वर गेली आणि रिकामी वाटी घेऊन परत आली. "अहो, ती बाई खडे भाजतीय," एवढंच म्हणून ती खुर्चीत बसली. मग मीच गेलो.

"सर, ह्यांनी पाणी पिलंय," कढईकडे बोट दाखवत मॅडम म्हणाल्या. "भाजलं की पुन्हा तहान लागती ह्यांना. मग माझी पानं वाळवत्यात."

तेव्हा उलगडा झाला. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. डोंगरातून पानं आणायची, ती चहाच्या रिकाम्या कागदी पिशव्यांत घालून खड्यांत पुरायची आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्यातला डीएनए काढून कुठली वनस्पती कुणाची कोण लागते ते शोधायचं, हा त्यांचा उद्योग. पान नुसतं ठेवलं तर हळूहळू वाळतं आणि तोवर आतला मजकूर नासतो. खड्यांत घातलं तर एका दिवसात पापडासारखं कडक होतं आणि कित्येक वर्षांनीही वाचता येतं. कॉलेजकडून खडे मिळत नाहीत का, असं मी विचारलं. "मिळत्यात की. अर्जावर सह्या व्हईस्तवर पान कुजतंय," त्या म्हणाल्या.

नातीगोती लावण्याची हौस आपल्याकडे सगळ्यांनाच असते. मॅडमची हौस झाडांपुरती आहे, पण ती फार लांबवर जाते. मंडईत त्या हिला सांगतात, वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी एका घरातली. इथवर आम्हीही मान डोलावली. पण एकदा तळ्याकाठी फिरताना त्यांनी कमळाकडे हात केला आणि म्हणाल्या, "हे आणि ती शेजारची कुमुदिनी, दोन्हींची पानं सारखी, घर एकच तळं. पण नातं काय न्हाय. कमळाचा भाऊबंद कोण म्हाईत हाय का? काश्मीरचा चिनार!" मी आयुष्यभर पोरांना कमळावरच्या कविता शिकवल्या. त्याचा भाऊबंद कोरड्या जमिनीवर छाती काढून उभा असलेला एवढा मोठा वृक्ष आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री जेवताना मी तीन वेळा तेच बोललो, शेवटी हिनं ताट उचललं.

"दिसण्यावर जाऊ नका," हे मॅडमचं पालुपद. झाडांच्या बाबतीत ते सोन्यासारखं आहे. माणसांत मात्र जपून वापरायला हवं, ते त्यांना कळत नाही. तळमजल्यावरच्या पाटलांच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका जमलेल्या. कुणी म्हणे नाक आजोबांचं, कुणी म्हणे कपाळ बापाचं. मॅडम चष्मा वर करून पाळण्यात वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दिसण्यावरनं नातं ठरवायचं दिवस गेलं. आतलं तपासल्याबिगर काय बी सांगता येत न्हाय."

पाळण्याची दोरी थांबली. पाटीलकाकूंच्या हातातल्या घुगऱ्या ताटासकट खाली आल्या. बाळाची आई रडायला लागली. मॅडम सगळ्यांकडे बघत राहिल्या, आपण काय चुकलो तेच त्यांना कळेना. शेवटी मी मध्ये पडलो आणि कमळ, कुमुदिनी, चिनार असं सगळं समजावून सांगितलं. त्यानं काही फरक पडला नाही. पाटलांनी वर्षभर त्यांना पुडी दिली नाही.

एकदा कॉलेजचं डीप फ्रीजर बिघडलं, तेव्हा मॅडमनी छोट्या छोट्या नळ्यांचा एक डबा आमच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी आणून ठेवला. वर कागद चिकटवला होता: 'हात लावू नये. ह्यात अख्खा सह्याद्री आहे.' आमचे मेहुणे आईस्क्रीम शोधत होते, त्यांनी तो वाचला आणि फ्रीजरला नमस्कार करून दार लावलं.

इतकं सांगितल्यावर हौसाक्कांबद्दल सांगायलाच हवं.

हौसाक्का म्हणजे मॅडमची थोरली बहीण. दोघीच राहतात. माहेर गगनबावड्याकडचं. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनी तिसरीतून शाळा सोडली, डोंगरउतारावरचं गवत कापून विकलं आणि धाकटीला शिकवलं. लग्नही केलं नाही. "हिला शिकवू का दादल्याला भाकऱ्या थापू?" असं त्या विचारतात. बुद्धपौर्णिमेला त्यांची खीर इमारतीतल्या प्रत्येक घरात जाते, पाटलांकडेसुद्धा.

तर या आक्कांना गवत कापताना कड्याच्या टोकाला एक फूल दिसलं होतं. लांब नळीचं, उलट्या धरलेल्या कंदिलासारखं, तोंडाशी बारीक केस. "असलं दुसरं कुठं बगितलं न्हाय," म्हणून त्यांनी ते धाकटीला आणून दिलं. मॅडम तेव्हा नव्यानं नोकरीला लागलेल्या. त्यांनी पुस्तकं धुंडाळली, जुने वाळवलेले नमुने बघितले, मोजमापं घेतली आणि ही नवीनच जात आहे असं जाहीर केलं. जगानं ते मान्य केलं. नव्या जातीला नाव देण्याचा मान ती जाहीर करणाऱ्याचा. मॅडमनी नाव दिलं, सेरोपेजिया हौसाए. पहिलं नाव कंदिलफुलांच्या गोताचं, दुसरं आक्कांचं.

आक्कांना अक्षरओळख जेमतेम. पण एवढं त्यांना पक्कं माहीत होतं की जगात कुठंही कुणी त्या फुलाबद्दल बोललं तर आपलं नाव घ्यावंच लागतं. दूधवाला, रिक्षावाला, गॅसवाला, कुणालाही त्या सांगत, "माझ्या नावचं झाड हाय. इंग्रजी पुस्तकात." आमच्या घरी कुणी पाहुणा आला की दोन मिनिटांत त्या खाली येऊन त्यालाही सांगत. "पावणं, तुमच्या नावचं हाय का कुठलं झाड? न्हाय न्हवं?"

गेल्या वर्षी मॅडमनी त्या कंदिलफुलांच्या सगळ्या गोताची वंशावळ मांडायला घेतली. डीएनएची अक्षरं ओळीनं लावायची आणि कोण कुणाच्या किती जवळ ते बघायचं. एके संध्याकाळी त्या आमच्याकडे येऊन बसल्या. पुडी मागितली नाही, तेव्हाच मला शंका आली.

"सर, आक्काचं फूल येगळं येईना झालंय," त्या म्हणाल्या.

एका गोऱ्या साहेबाच्या नावची जुनी जात आहे, खालच्या रानात सगळीकडे उगवते. हौसाए तिच्यातच जाऊन बसत होती. कड्यावरचा वारा, धुकं, पातळ माती यामुळे तिची नळी लांब झाली असेल, केस वाढले असतील. पण आतून दोन्ही एकच. नमुन्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली असेल, असं मॅडमना वाटत होतं. वाटत होतं म्हणण्यापेक्षा, त्यांना तसं हवं होतं.

"मग यादीतून वगळा ते फूल," मी म्हणालो. "कुणी विचारलंय तुम्हाला?"

"कुणीच न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अवघड हाय."

ताजी पानं आणायची ठरली. श्रावणात माझ्या गाडीतून आम्ही तिघं गगनबावड्याला गेलो. गाडी माझी, खडे मॅडमचे आणि जागा आक्कांच्या ध्यानात. धुकं इतकं की गाडीचं नाक दिसेना. आक्का गुडघ्यांवर हात ठेवून, शिव्या देत, पण न चुकता त्या टोकाला पोचल्या. मॅडम पान तोडायला वाकल्या, तर आक्कांनी त्यांचा हात बाजूला केला.

"तू हो बाजूला. माझ्या झाडाचं पान मीच देतो."

त्यांनी अलगद एक पान खुडलं, पदराला पुसलं आणि धाकटीच्या खड्यांच्या कागदी पिशवीत टाकलं. मग पूर्ण नमुन्यासाठी एक डहाळी कापून दिली. मी मॅडमकडे बघितलं नाही. हे पान कशासाठी चाललंय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि देणाऱ्या बाईला नव्हतं. परतीच्या वाटेवर आक्का साऱ्या घाटभर बोलत होत्या. मॅडम मांडीवरची ती पिशवी दोन्ही हातांनी धरून खिडकीबाहेर बघत होत्या.

निकाल बदलला नाही. पंधरा दिवसांनी मॅडम खाली आल्या. "सर, वर चला. मला एकटीला सांगाय जमणार न्हाय." पाटलांच्या पाळण्यापाशी इतकं बेधडक बोलणारी बाई जिन्यात दोनदा थांबली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड पांढरा कागद होता. त्यावर वाळवलेली डहाळी, एक कंदिलफूल आणि कोपऱ्यात हौसाए नावाचं लेबल. त्या फ्रीजरच्या डब्याखेरीज कॉलेजची साधी टाचणीसुद्धा कधी घरी न आणणाऱ्या मॅडमनी तो कागद तिथून आणला होता. शेजारी कागदाची एक छोटी पट्टी, तिच्यावर साहेबाच्या नावची जुनी जात लिहिलेली. आक्का चहा गाळत होत्या.

मॅडमनी सांगितलं. आडवळण न घेता, आक्कांना कळेल असं. ह्ये येगळं न्हाय आक्का. माझी चूक झाली. मी दिसण्यावर गेलते. आता तसं छापून सांगाय पायजे, आणि तुझं नाव त्या नावाखाली जाणार.

आक्कांनी पातेलं खाली ठेवलं.

"तुला कदी कळलं?"

"पक्कं कळून पंधरा दीस झालं."

"म्हंजे पंधरा दीस जेवण टाकून उठतीयास ती ह्यापायी व्हय?" आक्कांचा आवाज चढला. "मला वाटलं कसलं दुखणं निघालं! रोज रात्री तुझं कपाळ बगतोय मी, ताप हाय का म्हणून. आणि हे व्हय?" त्यांनी खुर्ची ओढली. "खोटं नाव मिरवाय मी काय पुढारी हाय? आण ती पट्टी. डिंक लावायचं मला जमतंय."

"जुन्यावर लावू नगं," मॅडम घाईनं म्हणाल्या. "शेजारी लाव. जुनं झाकायचं नसतंय. कोण कुठं चुकलं ते पुढच्याला दिसाय पायजे."

आक्कांनी पट्टी चिकटवली. जराशी वाकडी बसली. पदरानं दाबून त्यांनी ती पक्की केली. मग हळू आवाजात विचारलं, "मग आता ह्यात माझं काय उरलं?"

मॅडमनी त्यांचा हात धरला आणि लेबलाच्या शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं. मी वाकून वाचलं. श्रावणातली तारीख होती, जागा होती, आणि पुढं मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं: संग्राहक, हौसाबाई कांबळे. आजवरच्या प्रत्येक कागदावर तिथं मॅडमचं स्वतःचं नाव असे.

"फुलाचं नाव बदलतंय आक्का," त्या म्हणाल्या. "कुणी आणलं, ते कुणाला बदलता येत न्हाय. मला तर न्हायच न्हाय. मला बी तूच आणलंयस की इथवर."

आणि दिसण्यावर जाऊ नका म्हणणारी ती बाई बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. आक्कांनी एका हातानं तिला थोपटलं. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी त्या ओळीवरून उचललं नाही. चहा निवून गेला. मी उठून तो पुन्हा गरम करायला ठेवला.