पूनमच्या धाडसाचा जाहीर सत्कार

वरवंडजवळच्या बोरमाळवाडीत दोन हजार एक साली बारावी पास झालेल्या मुलामुलींचा गुणगौरव समारंभ मारुतीच्या देवळापुढं यथोचित पार पडला. यथोचित म्हणजे दोन तास उशिरा. प्रमुख पाहुणे तालुक्याचे एक साहेब होते. नोकरीला लागल्यापासून त्यांनी खुर्चीसुद्धा बदललेली नव्हती. ते माइक धरून म्हणाले, "मित्रहो, चाकोरी सोडा! साहस करा! कोण आहे तुमच्यात नवी वाट निवडणारा?"

अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, टाळ्या द्यायच्या असतात. त्या साली वाडीतल्या झाडून सगळ्या पोरांनी डी.एड.ला अर्ज केले होते आणि ती सगळी टाळ्याच वाजवत होती. पण तात्याबा मेंढपाळाची पूनम उभी राहिली.

"मी पाबळला जाणार हाय. वेल्डिंग शिकायला."

टाळ्या थांबल्या. साहेबांच्या भाषणात उत्तराची तरतूद नव्हती. त्यांनी सरपंचांकडं पाहिलं.

पूनमनं हे बोलणं हवेतून आणलं नव्हतं. यवतला बाजाराला गेली की ती वजीरभाईंच्या वर्कशॉपसमोर थांबायची. ट्रॉलीच्या सांध्यावर ठिणग्या उडायला लागल्या की हिचे पाय जमिनीत रुतायचे. शेवटी वजीरभाईच म्हणाले होते, "बेटी, नुसतं बघून डोळे जातील. पाबळच्या शाळेत जा, रीतसर शिक." प्रवेश शनिवारी दुपारी बंद होणार होते आणि मुलीनं स्वतः हजर राहायचं होतं. तिला फक्त शनिवारच्या सकाळच्या एसटीत बसायचं होतं. याहून मोठं साहस तिच्या डोक्यात नव्हतं.

आता वाचकाला वाटेल, गावानं विरोध केला. छे! गाव पुढारलेलं होतं. विरोध केला असता तर पोरगी त्याच तिरमिरीत निघून गेली असती. गावानं तिचा सत्कार केला.

सरपंच जयसिंगराव माइककडं झेपावले. "बोरमाळवाडीची धाडसी कन्या! हिला अशी तशी सोडायची न्हाई. गावाची इज्जत हाय!"

मंगळवारी ग्रामपंचायतीनं शाल आणि श्रीफळ दिलं. ग्रामपंचायतीकडून घेतलं म्हटल्यावर तरुण मंडळाला नाही म्हणणं हा तरुणांचा अपमान झाला असता, म्हणून बुधवारी मंडळानं फेटा बांधला. तरुणांचं घेतलं आणि महिलांचं टाळलं असं होऊ नये, म्हणून गुरुवारी महिला मंडळ झालं. शुक्रवारी दूध डेअरी. डेअरीचा वेल्डिंगशी संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. सत्काराला संबंध लागत नाही, निमित्त लागतं. प्रत्येक ठिकाणी पूनमनं 'माझं धाडस' या विषयावर चार शब्द बोलायचे होते. जे अजून केलंच नव्हतं, त्यावर ती चार दिवस बोलत होती.

तिची आई अनसाबाई नारळ फोडून फोडून थकली. आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, चटणी तर होतीच.

तात्याबा जेवता जेवता म्हणाला, "आमचा बाप दर साली मेंढरं घिऊन पार कोकणात उतरायचा. जाताना कुणी नारळ दिला न्हाई त्याला. म्हणून तर पोचायचा."

"तुमचं आपलं कायबी," अनसाबाई म्हणाली. "लोक मान देत्यात तर घ्यावा."

शनिवारी सकाळी पूनम पिशवी घेऊन फाट्यावर आली. तिथं लेझीम उभं होतं, ताशा होता, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सतरंजी टाकून स्टेज केलेलं होतं. 'साहसी कन्येस निरोप' असा कापडी फलक दोन बाभळींना बांधला होता. तिला हाताला धरून ट्रॉलीवर चढवलं.

"मामा, गाडी यील," पूनम म्हणाली.

"आगं, गाडी गावासाठी थांबती," जयसिंगराव म्हणाले.

गाडी आली आणि खरंच थांबली. गावानं ती अडवलीच होती. मग ड्रायव्हरचा सत्कार झाला, कारण धाडसी कन्येला तो नेणार होता. कंडक्टर रुसू नये म्हणून त्याचाही झाला. गाडीतला एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "ए, माझी कोर्टाची तारीख हाय रं!" त्याला न्यायप्रेमी ज्येष्ठ नागरिक म्हणून टोपी मिळाली आणि तो गप्प झाला. एव्हाना पूनमच्या गळ्यात हार नाकापर्यंत चढले होते. तिला ताशा ऐकू येत होता, दिसत काहीच नव्हतं. कंडक्टरनं नारळ काखेत मारला, जयसिंगरावांना नमस्कार केला आणि डबल बेल दिली.

हार बाजूला सारून पूनमनं पाहिलं तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती.

निरोपाला यवतहून वजीरभाई आले होते. त्यांनी फटफटीला किक मारली. "चल बेटी, बस मागं. अजून पोचतो आपण."

"वाहवा!" जयसिंगराव गहिवरले. "याला म्हणत्यात माणुसकी! थांबा, थांबा. वजीरभाईंचा सत्कार झाल्याबिगर गाडी हलणार न्हाई!"

"सरपंच, हात जोडतो, टाइम नाही!"

"विनम्रता बघा!" जयसिंगराव माइकवर म्हणाले आणि फेटेवाला पुढं झाला.

फेटा बांधलेले वजीरभाई आणि हळदीकुंकवानं माखलेली पूनम पाबळला पोचली तेव्हा शाळेचा शिपाई ऑफिसला कुलूप लावत होता. "मघाशीच झाले बघा प्रवेश," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. मग पूनमकडं बघून त्यानं विचारलं, "लग्नाहून आलात का?"

वाडीत कुणाचाच हिरमोड झाला नाही. जयसिंगराव म्हणाले, "आगं, प्रवेश काय, व्हतोय न व्हतोय. धाडस तर झालं ना? समद्या गावानं बघितलं." डी.एड.चा अर्ज तिनं केलाच नव्हता. मग ती वर्षभर घरी राहिली आणि बोलावतील तिथं धाडसावर बोलत राहिली. वाडीतून आजवर कुणी इतकं धाडस घरी बसून केलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये तोच समारंभ झाला आणि प्रमुख पाहुणी म्हणून पूनमच होती. जयसिंगरावांनी तोच प्रश्न टाकला, "कोण हाय नवी वाट निवडणारा?"

अंकिता नावाची एक पोर उठू लागली. तोंड उघडलंच होतं तिनं.

पूनमनं माइकवर तळहात दाबला, स्टेजच्या कडेला वाकली आणि दातओठ खात पुटपुटली, "खाली बस! डी.एड. म्हण. मोठ्यानं म्हण."

"डी.एड.!" अंकिता म्हणाली. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंकिताचं अंथरूण रिकामं होतं. पूनमचंही. तात्याबाला विचारलं तर तो दाढी खाजवत म्हणाला, "मला काय ठावं? मी मेंढरं सोडायला गेलतो." जयसिंगराव शाल घेऊन फाट्यापर्यंत धावले. गाडी गेलेली होती.

त्या दोघी कुठं गेल्या, पोचल्या का, आज काय करतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते तुम्हाला सांगणार नाही. त्यांचं कौतुक वाटून तुमचे हात आत्ताच शिवशिवायला लागलेत. ते आधी खिशात घाला.