पेटी चावणारे हिरामणनाना

मी दातांचा डॉक्टर. माणूस भेटला की मला आधी त्याचे दात दिसतात, नाव मी नंतर विचारतो. हिरामणनानांचे दात मी पहिल्यांदा पाहिले ते हार्मोनियमच्या लाकडात रुतलेले.

देवपुरात माझ्या दवाखान्याखाली त्यांचं वाद्यांचं दुकान आहे. पेटी दुरुस्तीला आली की नाना तिच्या कडेला कडकडून चावतात आणि तशाच अवस्थेत सूर लावतात. आतल्या पितळी पट्टीचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, एवढं त्यांनी मलाही शिकवलंय. पण तो जुळला की नाही, हे नाना दातांना विचारतात. "कान खोटं बोलतस, डाक्टरभाऊ. दात बोलत नहीत."

चाळीसगावपासून पिंपळनेरपर्यंतची भजनी मंडळं जुनी पेटी घेताना आधी चावा बघतात. चावा नसेल तर भाव पडतो. नव्या कीबोर्डांशी मात्र नानांचं जमलं नाही. एक चावून बघितला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "याले काही चवच नही."

एकदा जळगावच्या एका शाळेने पियानो सुरात लावायला बोलावलं. नानांनी पियानोच्या कडेला दात लावून, किल्लीने एकेक तार ताणत काम चोख केलं. आठवड्याने तिथल्या पियानो शिकवणाऱ्या बाईंचा मला फोन आला. नाना फोन घेत नाहीत, सगळ्यांना माझाच नंबर देतात. बाई किंचाळल्या, "अख्खा वर्ग पियानोला चावतोय हो! हे संसर्गजन्य आहे का?"

पाठीमागून हाक मारली तर नाना वळतही नाहीत. लोक म्हणायचे, कलावंत आहे, ताठा असायचाच. मीही तेच म्हणायचो.

यंदा नानांचे दोनच दात उरले, वर एक, खाली एक. दोन्ही सडलेले, गाल टम्म सुजलेला. "आजच काढू," म्हटलं, तर हा गृहस्थ खुर्चीतून उठून जिना उतरून पसार! अंगात विष भिनायची वेळ आली होती. मी भयंकर चिडलो. संध्याकाळी दवाखाना बंद करून त्यांना झापायलाच खाली गेलो.

दुकानात अक्का, म्हणजे नानांची बायको, पेटी वाजवत होत्या. वाजवत कसल्या, एका बोटाने आरतीचे सूर शोधत होत्या. चुकल्या की पुन्हा पहिल्यापासून. आणि नाना पेटीची कड चावून, डोळे मिटून बसलेले. दुखण्याने डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण दात सोडत नव्हते. केसभर सूर हलला तर गिऱ्हाइकाला हाकलणारा हा माणूस चकार शब्द काढत नव्हता.

"यास्ना कान कव्हाच गयात, डाक्टरभाऊ," अक्का म्हणाल्या. "ओठ देखीसन बोलतस. मना आवाज पोचत नही, पेटीना पोचस. म्हनीसन मी म्हातारपनमा पेटी हाती लिधी. आते दात गयात तं मी यास्ना संगे बोलू कशी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. अहो, पण आवाज पोचवणारं हाड काय फक्त दाताखालीच असतं? मी नानांचं डोकं धरलं, कपाळ पेटीवर टेकवलं आणि अक्कांना वाजवायला सांगितलं. नानांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "ऐकू येस, डाक्टरभाऊ. ऐकू येस." दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दोन्ही दात काढून घेतले.

आता रोज संध्याकाळी ते कपाळ टेकून ऐकतात. परवा मी त्यांच्यासमोर बसून विचारलं, "नाना, अक्का रोज एकाच ठिकाणी चुकतात. तुम्ही सांगत का नाही?"

नाना बोळक्या तोंडाने हसले आणि हळूच बोलले. त्यांचं हळूच म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "सांगू नका. चुकनी का ती पहिलेपाईन वाजाडस. बरोबर येवाले लागनं तं लगेच संपी जाई."

अक्कांनी ते ऐकलं. मान खाली घातली, आणि त्याच ठिकाणी पुन्हा चुकल्या.