अर्डिसबाईंच्या खुब्याची हरकत

आमच्या मिनेसोटातल्या लहानशा गावात रविवारच्या प्रार्थनेच्या मध्यावर तीन मिनिटं मौन पाळलं जातं. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी त्या मौनात अर्डिस टॉलेफ्सन यांचा डावा खुबा वाजला. ‘कुंईंऽक.’ गोठ्याचं दार ढकलून कुणी आत डोकावावं, तसा. सर्वांनी ऐकला आणि कुणीही ऐकला नाही. आमच्याकडे तशी पद्धत आहे.

खुब्यातला सांधा कृत्रिम होता, एका मोठ्या कंपनीचा, पंचवीस वर्षं टिकण्याच्या हमीचा. तो टिकला, वाद नाही. फक्त वाजू लागला. चौथ्या रविवारी अर्डिसबाई आपण होऊन चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. वयाच्या पंधराव्या वर्षापासून डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारी ही बाई आता कॉफीच्या किटल्यांमध्ये बसून छतातून प्रवचन ऐकू लागली. तिला एवढंच हवं होतं, की सांधा बदलून मिळावा आणि आपल्या बाकावर परत जाता यावं. डॉक्टर म्हणाले, विमावाल्यांना विचारा. विमावाले म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

होतंच. देशभरात अकरा हजार माणसं वाजत होती आणि त्या सर्वांचा मिळून एक सामूहिक दावा चालू होता. चार वर्षांनी तडजोड ठरली. बासष्ट पानांचं पत्र घरोघर आलं. कंपनी आपली कोणतीही चूक मान्य न करता प्रत्येक बाधित व्यक्तीस तेलाची एक बाटली देणार होती. बाटलीवर सूचना होती : ‘केवळ बिजागऱ्यांसाठी. शरीरात घालू नये.’ वकिलांची फी एकसष्टाव्या पानावर होती, म्हणजे ती कुणी वाचली नाही. तडजोड ‘न्याय्य, रास्त आणि पुरेशी’ आहे की नाही, हे न्यायालय ठरवणार होतं. ज्यांना हरकत असेल त्यांनी लेखी कळवावं.

अर्डिसबाईंनी कळवलं. ‘तडजोड फार छान आहे. कागदही चांगला वापरलाय. कुणाला त्रास होणार नसेल तर माझा सांधा बदलून मिळाला असता तर बरं झालं असतं. नाही मिळाला तरी चालेल. आपल्या प्रकृतीसाठी प्रार्थना करते.’

न्यायालयाच्या कचेरीने हे पत्र ‘पाठिंब्याची पत्रे’ या फायलीत लावलं.

सुनावणीला आम्ही चर्चच्या बसमधून चाळीस जण गेलो, केकचे डबे घेऊन. न्यायाधीश डेलाक्रॉय मूळचे दूर दक्षिणेतल्या लुइझियानाचे, आमच्याकडे नवे. म्हणून एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. आमच्याकडे कॉफी विचारली की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘उगाच कशाला त्रास’, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर परका.

“श्रीमती टॉलेफ्सन,” न्यायाधीशांनी पत्र उचललं, “आपल्याला आणखी काही म्हणायचंय? हरकत वगैरे?”

“छे छे,” अर्डिसबाई म्हणाल्या.

शेजारी व्हर्ना बसली होती, तिची साठ वर्षांपासूनची मैत्रीण. तिने कोपर मारलं. “शहाणे, आत्ता एकदाच झालंय. थांब.”

“नक्की ना?” न्यायाधीशांनी विचारलं.

“उगाच कशाला तुमचा वेळ घ्यायचा हो.”

आम्ही चाळीस जणांनी श्वास रोखला. आता तिसरी खेप. अर्डिसबाईंनी पर्स बाजूला ठेवली, घसा साफ केला.

न्यायाधीशांनी पान उलटलं.

अर्डिसबाई उठायला गेल्या.

‘कुंईंऽक.’

“कोण बोललं?” न्यायाधीश म्हणाले.

“माझ्या अशिलाचा सांधा, साहेब,” बाधितांचे वकील म्हणाले.

कंपनीचे वकील ताडकन उभे राहिले. “आक्षेप! सांधा आमचं उत्पादन आहे. आमच्या उत्पादनाला आमच्याविरुद्ध बोलायचं असेल, तर आमची लेखी परवानगी लागेल.”

लघुलेखिकेने मान वर केली. “साहेब, या आवाजाची कळ माझ्या यंत्रावर नाही.”

न्यायाधीशांनी कायद्याची तीन पुस्तकं चाळली. मग गंभीरपणे निर्णय दिला : सांधा ही व्यक्ती नाही, व्यक्ती असला तरी त्याने मुदतीत लेखी हरकत नोंदवलेली नाही, नोंदवली असती तरी ज्या बाईंच्या आत तो राहतो त्यांनी ‘छे छे’ म्हटलं आहे. “न्यायालयात इतर कुणाची हरकत?”

आम्ही चाळीस जण नम्रपणे हसलो.

“कुणाचीच नाही?”

आम्ही आणखी नम्रपणे हसलो आणि तिसऱ्या खेपेची वाट पाहू लागलो. तडजोड एकमताने मंजूर झाली.

बाहेर व्हरांड्यात आम्ही डबे उघडले. न्यायाधीश जात होते. “साहेब, केक घ्या ना,” व्हर्ना म्हणाली.

“अरे वा! दोन घेतो,” म्हणाले आणि घेतले.

परतीच्या वाटेवर बसमध्ये खुब्याचं नाव कुणी काढलं नाही. चाळीस मैल फक्त केकचीच चर्चा झाली. “पहिल्याच खेपेला, गं!” अर्डिसबाईसुद्धा म्हणाल्या आणि धक्क्याने जरा सरकल्या. ‘कुंईंऽक.’

महिन्याभरात तेलाची बाटली आली. पाद्रीबुवांनी तळघराच्या दाराला तेल घातलं. कंपनीच्या मालात खोट असते असं म्हणणाऱ्यांनी ते दार पाहावं. आता मुळीच वाजत नाही. त्यामुळे मौनात खालून येणारा आवाज कसला, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरलेली नाही. आम्ही डोळे मिटून ऐकतो आणि अर्डिसबाईंसाठी मनापासून प्रार्थना करतो. खाली जाऊन त्यांना वर घेऊन यावं, असं प्रत्येकाला वाटतं. त्यांना विचारलंही होतं, दोनदा.

आपण एवढं सगळं शांतपणे वाचलंत. यात आपली काही हरकत आहे का?

नक्की ना?

बरं. तसं नोंदवून घेते.