भूपेनचा हिस्सा

'अपग्रेड करा' असं कॉम्प्युटर बबनरावांना कितीतरी दिवसांपासून सुचवत होता आणि बबनराव 'नंतर' म्हणत होते. त्या दिवशी सिंदी मेघे गावातल्या त्यांच्या टायपिंगच्या दुकानात सकाळपासून एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आणि रोज रोज नाही म्हणण्याचाही माणसाला कंटाळा येतो. त्यांनी 'हो' दाबलं. कॉम्प्युटरने बराच वेळ चक्र फिरवलं, आपणहून बंद झाला, आपणहून सुरू झाला आणि नव्या रंगाचा पडदा दाखवून म्हणाला, स्वागत आहे. स्वागताच्या आधी रोज जी पाटी यायची ती आलीच नव्हती.

ती पाटी म्हणजे त्या घरातला तह होता. वडील गेल्यावर बबनराव आणि धाकटा भूपेंद्र यांची वाटणी झाली. वावर वाटलं, घर वाटलं, स्वयंपाकघरातले पितळेचे गंजसुद्धा वाटले. राहिला दुकानातला कॉम्प्युटर. थोरला त्यावर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायचा, धाकटा लग्नपत्रिका बनवायचा. दुसरा विकत घ्यायला कुणीच तयार नव्हतं, कारण जो घेईल त्याने पहिल्यावरचा हक्क सोडला असा अर्थ झाला असता. शेवटी पंच म्हणून बसलेले त्यांचे मामा बंडूजी म्हणाले, "वावराचे पाडले तसे याचेही दोन हिस्से पाडा." आणि कॉम्प्युटरच्या आत खरोखर पाडले. बबनरावांकडे विकतची सिस्टीम आली, भूपेंद्रकडे फुकटातली. कॉम्प्युटर सुरू केला की पाटी यायची, वर 'बबन', खाली 'भूपेन'. ज्याने त्याने आपापल्या घरात जावं.

वाटणीनंतर भाऊ बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. आता कुठे दुकानात बरोबर चहा पिऊ लागले होते. भूपेंद्र मेव्हणीच्या साखरपुड्यासाठी अल्लीपूरला गेला होता आणि उद्या परतणार होता. तेवढ्यात हे झालं.

डबा घेऊन आलेल्या बायकोला, प्रमिलाबाईंना, बबनरावांनी सांगून टाकलं. "भूपेनचा हिस्सा गेला."

"कुठं गेला?"

"माह्याच हिश्श्यात आला, असं दिसते."

प्रमिलाबाईंनी डबा टेबलावर ठेवला. "तुमी बटन दाबलं?"

"दाबलं."

"मंग झालं. उद्या अल्लीपूरपावतर बोभाटा होईन का थोरल्यानं धुरा कोरला."

दोन वावरांमधला धुरा कोरून शेजाऱ्याची जमीन खाणारा माणूस त्या भागात कुणालाच आवडत नाही, आणि भावाचा धुरा कोरणाऱ्याला तर लोक लग्नात वाढायलाही बोलवत नाहीत. बबनरावांनी आयुष्यात वीतभर धुरा कोरला नव्हता. त्यांना जेवण गेलं नाही.

त्यांनी बंडूजींना फोन केला. पंच लगेच आले आणि कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मोजणी करा लागते."

"मामाजी, हे वावर हाय का?"

"हिस्सा हाय ना? हिस्सा म्हटला का मोजणी आली. मी माह्या सुनेले बोलावतो."

बंडूजींची सून रुचिका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. दुपारी तास संपवून ती आली, पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकू लागल्या. प्रमिलाबाईंनी चहा आणला. ओळी सरकतच होत्या. पुन्हा चहा आला. बंडूजी खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागले, तेव्हा कुठे रुचिका म्हणाली, "सापडलं, भाऊजी. हिस्सा गेला नाही. नकाशातून त्याचं नाव तेवढं गेलं."

"मंग चढव ना नाव."

"चढवते. पण तुमची सिस्टीम त्याच्यावर पाय पसरून बसली आहे. त्याचं वाचवायचं तर तुमचं पुसून जुन्या मापानं नव्यानं टाकावं लागेल. दोन्ही नाही वाचत."

बंडूजी जागे झाले. "पंच म्हणून सांगतो, बबन, घाई करू नोको."

भूपेनचा हिस्सा तसाच गेला, तर बबनरावांना मशिनीने केलं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण हे वाक्य ऐकताना भूपेंद्रचा चेहरा कसा होईल ते त्यांना दिसत होतं, आणि पुन्हा एकट्याने चहा पिण्याची त्यांच्यात ताकद उरली नव्हती.

"माहं पूस," ते म्हणाले.

अर्जांचे आणि प्रतिज्ञापत्रांचे नमुने त्यांनी पेनड्राइव्हवर काढून घेतले. बाकी बरंच काहीबाही होतं, कधी उघडलेलंही आठवत नव्हतं. "जाऊ दे तो कचरा," ते म्हणाले आणि रुचिकाने सगळं पुसलं. संध्याकाळी पाटी परत आली. वर 'बबन', खाली 'भूपेन'. वरचा रिकामा, खालचा जशाचा तसा. इतकं दमल्यावरही बबनरावांना आतून बरं वाटत होतं. आपण थोरले आहोत हे त्यांना वाटणीनंतर पहिल्यांदा जाणवलं.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र आला. बबनरावांनी त्याला चहा दिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. बंडूजी आणि रुचिका साक्षीला होतेच.

भूपेंद्रने कप खाली ठेवला. "तुहा हिस्सा पुसला, दादा?"

"पुसला. तुह्यासाठी."

"पूर्ण?"

"पूर्ण. तुहा उघडून पाह्य बरं, सारं जागच्या जागी हाय."

भूपेंद्रने उघडला. आत निळा पडदा होता आणि पत्त्यांचा एक खेळ.

"याच्यात एवढंच होतं," तो हळूच म्हणाला. "फुकटातल्यावर आपला प्रिंटरच चालत नवता. मी पयल्या महिन्यापासून तुह्याच हिश्श्यात काम करून राह्यलो. तुहा पासवर्ड बाबाचं नाव, मले काय माईत नवतं? तू जेवाले गेला का बसत होतो."

बबनरावांनी रुचिकाकडे पाहिलं. तिने मान हलवली. पुसलेल्या जागेवर नवी सिस्टीम लिहून झाली होती, आता तिथून काही निघणार नव्हतं.

"मले काऊन नाई सांगतलं?" बबनरावांनी विचारलं.

"सांगतलं असतं तं तू म्हणला असता का भूपेननं धुरा कोरला."

हे खरं होतं. एवढ्यात भूपेंद्रला आठवलं की गावातल्या वासुदेवरावांच्या मुलीची पत्रिकाही त्यातच होती आणि ती आजच छापायला द्यायची होती. मग दोघं भाऊ एका बाकावर दाटीवाटीने बसले. भूपेंद्र मजकूर आठवून सांगू लागला, बबनराव टाइप करू लागले. नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंची नावं काही केल्या आठवेनात, तेव्हा प्रमिलाबाईंना बोलावलं. त्यांना ती सगळी तोंडपाठ होती.

पत्रिका छापायला गेल्यावर रुचिकाने विचारलं, "भाऊजी, भूपेनभाऊंच्या हिश्श्यात तर काहीच नाही. पुन्हा हिस्से पाडू, की एकच ठेवू?"

बंडूजी ताठ बसले. "दोनच. पंचांचा शब्द हाय."

बबनरावांनी भावाकडे पाहिलं.

"दोनच पाडा, वहिनी," भूपेंद्र म्हणाला. "पण दादाचा मोठा पाडा. मले तिथं काम राह्यते."